ऋजुताबद्दल दोन पानं

गुरुवार, ६ मार्च

ऋजुताने आज तिसऱ्यांदा तेच विचारलं. "मोघ्यांच्या त्या व्हिडिओ कॉलवर मी जास्त हसले का गं?"

मी भांडी पुसून प्रेसमध्ये, म्हणजे इथल्या भाषेत कपाटात, लावत होते. पाठमोरी होते, बरं झालं. म्हटलं, "नाही गं. नेहमीएवढीच हसलीस."

"नेहमीएवढी म्हणजे जास्तच की." आणि पुन्हा हसली. मग थांबली.

मोघ्यांचा लग्नाला नकार येऊन पंधरा दिवस झाले. पत्रिका जुळत नाही म्हणे. डिसेंबरात जुळत होती. त्यांचा मुलगा अद्वैत कॉर्कहून तीनदा इथे डंडॉकला आला. दोघं समुद्राकाठी फिरून यायची, ओले बूट दारात काढायची, मी चहा टाकायची. तिला तो खरोखर आवडला होता. हे तिने मला एकटीलाच सांगितलंय.

नकाराचं कारण मला नक्की माहीत नाही. हे प्रामाणिकपणे लिहिते. पण जानेवारीत आत्याने मागितली म्हणून मी ऋ.ची चौकशी लिहून पाठवली होती. दोन पानं. आत्या आणि अद्वैतची आई एका शाळेत शिकवायच्या. आत्या म्हणाली, "तू तिच्याच घरात राहतेस. तुझ्याइतकं खरं त्यांना कोण सांगणार?"

ऋ.ला हे माहीत नाही.

रविवार, ९ मार्च

फाइल आज उघडली. पाठवल्यापासून पहिल्यांदाच.

मथळे ठळक केलेले. शिक्षण व नोकरी. राहणीमान. आहार. मित्रपरिवार. आरोग्य. स्वभाव. खाली तारीख. पानांना क्रमांकसुद्धा, १/२ आणि २/२. प्लांटमध्ये मी क्वालिटीला आहे, दिवसभर दुसऱ्यांच्या नोंदी तपासते, हात आपोआप तसाच चालतो. जे पाहिलं ते एका परिच्छेदात, मला काय वाटतं ते वेगळ्या ओळीत.

हे शेवटचं प्लांटमधलं नाही, आत्याचं. दम्यामुळे चौथीपर्यंत मी शाळेत गेलेच नाही, वाईच्या घरी आत्याच शिकवायची. रोज संध्याकाळी पाच खऱ्या गोष्टी लिहून दाखवायच्या. "गार्गी, 'गाय चांगली होती' हे खरं नाही. 'गाय उभी होती' हे खरं." ही वहीसुद्धा त्याच सवयीची.

तर ती दोन पानं. एकही वाक्य खोटं नाही. शुक्रवारी एक ग्लास वाइन घेते, कधी दोन. ऑफिसमधला कॉनर पाऊस असला की घरी सोडतो, आत येत नाही. सगळं खाते, चतुर्थी पाळते.

'आरोग्य'खाली लिहिलंय: "दर मंगळवारी साडेपाचला काउन्सेलरकडे जाते. आठ महिन्यांत एकदाही चुकवलेलं नाही."

हे मी कौतुक म्हणून लिहिलं होतं. नियमितपणा दिसावा म्हणून. देवाशप्पथ.

बुधवार, १२ मार्च

सेंट पॅट्रिकच्या सुट्टीला विल्नियसला जायचं नक्की. ऋ.नेच ठरवलं. "इथं तीन दिवस सणाच्या हिरव्या टोप्या बघत बसले तर मी वेडी होईन. चल."

प्लांटमधली रासा तिथलीच. क्लीनरूममध्ये पॅकिंगला असते, अठरा वर्षं झाली इथे, इंग्लिश अगदी डंडॉकचं. कँटीनमध्ये नॅपकिनवर नकाशा काढून दिला. बीटचं सूप कुठे, टेकडी कुठे. मग एका चौकोनावर गोल केला. "रशियनांच्या वेळी हे गुप्त पोलिसांचं ऑफिस होतं. आता म्युझियम आहे. जड आहे जरा. पण बघाच." थोडं थांबून, "माझ्या आजीची पण फाइल होती तिकडे. शेजारीण लिहायची."

मी विचारलं, कोण शेजारीण?

"अगदी गोड बाई. मला केक द्यायची." आणि घड्याळ बघून उठली.

रविवार, १६ मार्च. विल्नियस

बाहेरून साधी सरकारी इमारत. आपल्याकडच्या कलेक्टर कचेरीसारखी, रुंद पायऱ्या, उंच खिडक्या. बाहेरच्या दगडांवर इथे मारल्या गेलेल्यांची नावं कोरलेली. आत कोट ठेवायला एक आजी, तिने ऋ.च्या लाल टोपीचं कौतुक केलं.

आधी तळघर. कोठड्या. एका कोठडीत जमीन उतरती, बसायला जागाच नाही. दारांना बाहेरून उघडायची झडप, डोळ्याएवढी. ऋ. आत जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, बघ ना झडपेतून, मी दिसते का. मी बघितलं. तिचा चेहरा इतका जवळ होता. झडप पटकन लावली.

वर ऐकण्याची खोली. टेपा, हेडफोन, भिंतीतून गेलेल्या वायरी. ऋ. कानाशी येऊन म्हणाली, "एवढी वायर कशाला लागते बावा यांना? आमच्या नागपूरला समोरच्या काकू पुरतात." एवढी हसले की रखवालदाराने वळून पाहिलं.

मग ती काचेची पेटी.

हे नीट लिहायला हवं. पेटीत एक रिपोर्ट, हाताने लिहिलेला, शेजारी इंग्लिश भाषांतर. एकाच मजल्यावर राहणाऱ्या बाईने दुसरीबद्दल लिहिलेला. मला वाटलं होतं, काहीतरी भयंकर असेल. तसं काही नव्हतं. तिला पत्रं येतात. रविवारी सकाळी घरी नसते. लिंबं आणली होती, कुठून ते सांगितलं नाही. सगळ्यांशी हसून बोलते. शेवटी, वेगळ्या ओळीत: माझ्या मते ती मनाने चांगली आहे.

माझ्या दुसऱ्या पानावर हेच आहे. जवळजवळ याच शब्दांत. तेही वेगळ्या ओळीत.

ऋ. काचेवर वाकून अक्षर बघत होती. "अगं, समास बघ कसा आखलाय! अगदी तुझ्यासारखा. ए मास्तरीण, हे तूच लिहिलंस ना?"

माझा श्वास अडकला. खरंच अडकला, दम्यासारखा. बाकावर बसले. ऋ.ने तिच्या पर्समधून पंप काढला. माझा पंप, एक जादाचा ती कायम स्वतःच्या पर्समध्ये ठेवते, कारण मी विसरते. पाठीवर हात फिरवत होती. "झालं, झालं. जड आहे म्हणाली होती ना रासा. तुला नको होतं आणायला."

उठताना पुन्हा त्या पेटीकडे बघून म्हणाली, "ही बाई लिहून झाल्यावर घरी जाऊन जेवली असेल ना गं? शेजारणीला 'मीठ आहे का' असं विचारलं असेल."

मी म्हटलं, असेल.

जानेवारीत ती दोन पानं लिहिली तेव्हा ऋ. वर तापाने झोपलेली होती. मधे उठून मी तिला मऊ भात नेऊन दिला. मग खाली येऊन 'आहार' लिहिलं.

सोमवार, १७ मार्च

विमानात शेजारी ऋ. झोपली. डोकं माझ्या खांद्यावर. दोन तास खांदा हलवला नाही. हे प्रायश्चित्त वगैरे नाही, हे मला कळतं. खांदा दुखतोय एवढंच.

स्वतःशी खूप वाद घातला. ते पोलीस होते, आम्ही स्थळं बघणारी माणसं. तिथे कुणी सैबेरियाला गेलं, इथे फक्त एक लग्न जुळलं नाही. दोन्ही एका तागडीत घालणं म्हणजे त्या दगडांवरच्या नावांचा अपमान. हे बरोबर आहे. हे बरोबर आहे आणि तरी मी तिच्याशी नजर मिळवत नाहीये.

बुधवार, १९ मार्च

कँटीन. रासाने विचारलं, गेलात का? हो म्हटलं. सूपबद्दल बोललो. मग मी विचारलं, तुझ्या आजीने फाइल वाचली का कधी?

"नाही. आईने वाचली, खूप नंतर. आजी म्हणाली, मला माहीत आहे कोण ते. तिच्या खिडकीतला दिवा आमच्या खिडकीनंतर बंद व्हायचा."

"मग? बोलायची तिच्याशी?"

"एकाच जिन्यावर राहायचं होतं. बोलायची." रासाने सँडविचचा कागद घडी घालून घडी घालून अगदी छोटा केला. "आईचा राग लिहिल्याचा नव्हता. ती बाई नंतर तीस वर्षं जगली. एकदा तिने वर येऊन सांगायला हवं होतं. केक घेऊन यायची, पण सांगायला कधी आली नाही."

मी चहा संपवला नाही.

तीन दिवस एक गोष्ट लिहायची टाळतेय. आता लिहिते. ऋ.चं लग्न झालं असतं तर ती कॉर्कला गेली असती. या घरात मी एकटी राहिले असते. जानेवारीत लिहिताना हे माझ्या मनात होतं का? नव्हतं, असं शपथेवर सांगता येत नाही. काउन्सेलरचं वाक्य लिहून मी थांबले होते, हे आठवतं. खोडलं, पुन्हा लिहिलं. खोडणं लबाडी होईल असं वाटलं. तेव्हा तसंच वाटलं, की आता वाटतंय?

शुक्रवार, २१ मार्च

कामावरून आले तर ऋ. जिन्यात बसलेली, कोटसुद्धा काढला नव्हता. फोन माझ्या हातात दिला.

अद्वैतचा मेसेज, इंग्लिशमध्ये, लांबलचक. लिहिलं होतं, पत्रिकेचं कारण खोटं होतं, ते मला सलतंय. आईला कुठूनतरी कळलं की तू काउन्सेलिंगला जातेस, तिने ते फार मनाला लावून घेतलं. मला त्यात काही वाटत नाही. पण घरच्यांच्या विरोधात जायची माझ्यात ताकद नाही. सॉरी. स्वतःची काळजी घे.

"'कुठूनतरी' म्हणजे कुठून?" ऋ. म्हणाली. रडत नव्हती. "माझ्या आईला माहीत नाही गं. तुला सांगितलं फक्त. आणि दवाखान्याला माहीत आहे, कारण त्यांनीच काउन्सेलरसाठी चिठ्ठी दिली होती."

मी म्हणणार होते. तोंड उघडलं होतं.

"पल्लवीवहिनी," ती म्हणाली.

पल्लवीवहिनी दवाखान्यात रिसेप्शनला आहेत. द्रोहेडाच्या आपल्या मराठी मंडळाच्या सेक्रेटरी. मागच्या वर्षी ऋ.ची चिठ्ठी त्यांच्याच हातून गेली. साधी, बडबडी बाई, मला दर दिवाळीला चकल्या देतात.

मी म्हटलं, "वहिनी नसतील गं."

"मग कोण? तू?" आणि हसली. अशी हसली, जणू जगातली सगळ्यात अशक्य गोष्ट बोलली. "तुला तर वाढदिवसाचं सरप्राइजसुद्धा लपवता येत नाही."

मी काय केलं? चहा टाकला.

रविवार, २३ मार्च

आत्याला फोन. तिने शिकवलं म्हणून मला लिहिता येतं, तिच्याशी मी आजवर आवाज चढवलेला नाही. आजही नाही चढवला.

विचारलं, आत्या, ती पानं तू कुणाला दाखवलीस?

"दाखवली कशाला? पुढे पाठवली. मोघेबाई खूश झाल्या. म्हणाल्या, मुलीने काय मुद्देसूद लिहिलंय. त्यांच्या दोघा दिरांनी पण वाचली."

मला वाटलं होतं, ती वाचून तोंडी सांगेल. मुलगी चांगली आहे, एवढंच. माझं अक्षरन्अक्षर वाईहून पुण्याला, तिथून दिरांकडे गेलं.

"ऋजुताला खूप लागलंय, आत्या."

"लागणारच. पण नंतर कळलं असतं तर? तू खरंच लिहिलंस ना? मग खऱ्याची कसली लाज?" मग आवाज मऊ झाला. "अगं, तुझ्या आईची चौकशी मीच केली होती. तीन दिवस कराडला त्यांच्या शेजारी जाऊन राहिले. आली ना ती आपल्या घरात?"

आईला हे माहीत आहे का, विचारायचं धैर्य झालं नाही.

शेवटी आत्या म्हणाली, "बरं, तुमच्या तिकडे लेटरकेनी म्हणून आहे ना, तिथल्या हॉस्पिटलात एक मुलगा आहे. देशपांड्यांच्या मुलीसाठी बघतायत. जरा कळलं तर बघ."

मी म्हणाले, "बघते."

'बघते' म्हणाले. विल्नियसहून आल्यावर सहा दिवसांनी.

मंगळवार, २५ मार्च

ऋ. साडेपाचला नोराकडे, तिच्या काउन्सेलरकडे गेली, नेहमीप्रमाणे. ठरवलं होतं, आली की सांगायचं. वाक्यं पाठ केली. टेबल आवरलं, जसं काही टेबल आवरलं की सोपं जाईल.

सात वाजता आली. थंडीने नाक लाल. "आज नोराला पल्लवीवहिनीबद्दल सांगितलं. ती म्हणाली, दवाखान्यातून माहिती बाहेर गेली असेल तर तो गंभीर प्रकार आहे. लेखी तक्रार करता येते." बूट काढताना बोलत होती. "मी करणार आहे. वाईट वाटून राहिलं, पण करणार. आज माझं, उद्या आणखी कुणाचं."

आता बोल. मी स्वतःला म्हणत होते, आता बोल.

"वहिनींची नोकरी जाईल," मी म्हणाले.

"जाऊ दे ना! माझं गेलं, त्याचं काय?"

वर जाऊन दार लावलं. आत्याला मेसेज केला: लेटरकेनीच्या मुलाची चौकशी मी करणार नाही, यापुढे कुणाचीच नाही. उत्तर आलं: "बरं. तब्येतीला जप. पंप जवळ ठेव." आत्याला नाही म्हणणं जमलं. जे खरं अवघड आहे ते मात्र खाली स्वयंपाकघरात पोहे परतत होतं.

गुरुवार, २७ मार्च

सांगितलं.

कसं सांगितलं ते लिहिते, कारण त्यातही मी नीट वागले नाही.

ऋ.ने तक्रारीचं पत्र प्रिंट करून आणलं. दीड पान, इंग्लिशमध्ये. माझ्यासमोर ठेवलं, पेन दिलं. "तू क्वालिटीवाली. चुका काढ. उद्या सकाळी नेऊन देते."

मी वाचायला लागले. वहिनींचं पूर्ण नाव, पद. पहिल्या परिच्छेदात तारीख चुकली होती, ती दुरुस्त केली. दुसऱ्या परिच्छेदात एक शब्द दोनदा आला होता, एक खोडला. दोन दुरुस्त्या केल्या मी. पेन हातात धरून. तिसऱ्या परिच्छेदात होतं, ही माहिती माझ्याव्यतिरिक्त फक्त एका विश्वासू मैत्रिणीला होती. तिथे पेन थांबलं.

"ऋजू, हे वहिनींनी नाही सांगितलं. मी सांगितलं."

"मजा करून राहिली का?"

"मी लिहून दिलं होतं. आत्याला. तिने अद्वैतच्या आईला पाठवलं."

ती हसायच्या बेतात होती, ते तोंडावरच राहिलं. मग गेलं.

"केव्हा?"

"जानेवारीत."

"मी कुठे होते?"

"वर. तुला ताप होता."

बाहेर शेजारच्या म्हातारबांनी कुत्र्याला हाक मारली. ऋ.ने पत्र माझ्या हाताखालून ओढून घेतलं, माझ्या दोन दुरुस्त्या बघितल्या.

"मला का नाही विचारलं? एकदा. 'ऋजू, असं असं विचारलंय, काय लिहू?' एवढंच. मीच सांगितलं असतं त्याला. या उन्हाळ्यात सांगणारच होते, समोर बसून. माझ्या तोंडाने."

चौकशी जिची असते तिला विचारत नाहीत, एवढं साधं होतं ते. तिला विचारावं हे माझ्या डोक्यातच आलं नाही. ज्या माझ्या डोक्यात चोवीस तास सगळं येत असतं.

"पाठव मला ते," ती म्हणाली. "आत्ता."

पाठवलं. ती फोन घेऊन वर गेली. पत्र फाडलं नाही, घेऊन गेली.

शुक्रवार, २८ मार्च

पत्र दिलेलं नाही. कचऱ्यात चार तुकडे दिसले. निदान वहिनी सुटल्या.

'निदान' लिहिताना बरं वाटलं, म्हणून तो शब्द इथे राहू देते. मला किती लवकर बरं वाटतं, ते पुढे कधी वाचायला.

ऋ. बोलत नाही असं नाही. "गरम पाणी संपलंय." "पार्सल आलंय तुझं." घरमालकाशी बोलतात तसं.

घर सोडून जाऊ का, विचारायचं होतं. पण हे विचारणं म्हणजे तिच्याकडून 'नको' वदवून घेणं. विचारलं नाही.

रविवार, ३० मार्च. पाडवा

घड्याळं एक तास पुढे. ऋ. एकटीच मंडळाच्या कार्यक्रमाला गेली, पिवळी पैठणी नेसून. निऱ्या नेहमी मी धरते. आज आरशासमोर तिची तिनेच केल्या, एक बाजू वर राहिली होती. दिसत होतं मला. हात पुढे केला नाही.

चारला परत आली. टेबलावर डबा ठेवला. "श्रीखंड. पल्लवीवहिनीने दिलं, तुझ्यासाठी. का नाही आली, विचारत होते सगळे. दमा वाढला म्हणून सांगितलं मी."

"वहिनींशी बोललीस?"

"आठ दिवस त्यांचे फोन उचलले नव्हते. माफी मागितली. कशाबद्दल, ते सांगितलं नाही." साडीची पिन काढत होती, पिन दातांत. "त्यांनी विचारलंसुद्धा नाही. गालाला हात लावला फक्त."

कुणाला सांगितलं नाही तिने. माझ्यावर दया केली, की मी कुणाला सांगण्याइतकीही उरले नाही? दोन्ही असू शकतं.

डबा उघडला नाही.

सोमवार, ३१ मार्च

कामावरून आले तर ऋ. माझ्या खोलीच्या दारात उभी. आत आली नाही.

"ती दोन पानं इंग्लिशमध्ये करून दे. उद्या नोराला दाखवायची आहेत. तिला मराठी येत नाही ना."

मी म्हटलं, "तू कर ना. तुझं इंग्लिश माझ्यापेक्षा..."

"तू लिहिलंय, तू कर." आवाज चढवला नाही. "काही गाळू नको. आणि काही चांगलं करू नको. जसं आहे तसं."

तिला वाटत असेल, ही शिक्षा. किंवा तिला काही वाटत नसेल, फक्त हवं असेल. माझ्याबद्दल नोराकडे काय बोलणार, विचारायचा मला अधिकार नाही.

पहिलं पान झालं. मराठीत 'आत येत नाही' लिहिलं होतं कॉनरबद्दल. तेव्हा मला वाटलं होतं, मी तिची बाजू घेतेय. इंग्लिशमध्ये लिहिल्यावर दिसलं की मी खिडकीत उभी राहून बघत होते. 'आरोग्य' करायला चाळीस मिनिटं लागली. दोन वाक्यं आहेत फक्त. एकेक शब्द परक्या भाषेत ठेवताना तो आधी हातात घ्यावा लागतो. जानेवारीत तसा घेतला नव्हता.

दुसऱ्या पानावर अगदी तळाशी, तारखेच्या वर, एक ओळ आहे. ती मला आठवतही नव्हती. नऊ तारखेला फाइल उघडली तेव्हाही तिथपर्यंत गेले नव्हते बहुतेक.

"ती घरी असली की घरात बरं वाटतं."

हे चौकशीत कुणी विचारलेलं नव्हतं. स्थळाच्या कामाचं नाही. पाहिलेलंही नाही, वाटलेलं. त्यात लिहिणारीचं नाव नाही, पण ते माझंच आहे. मोघेबाईंनी वाचलं, दोघा दिरांनी वाचलं. ऋ.नेही गुरुवारी वाचलंच असणार.

तीन प्रकारे लिहून बघितलं. एकात फार गोड होतं, एकात माफी मागितल्यासारखं. तिसरं साधं आहे, पण आता साध्यावरही विश्वास नाही. ठेवलं तर वाटेल, मी स्वतःला सोडवतेय. गाळलं तर तिने सांगितलेलं मोडलं.

ती खाली आहे. रेडिओ लावलाय. काही गाळू नको म्हणाली होती, म्हणजे विचारायची गरजच नाही. तरी विचारायला म्हणून जिन्यापर्यंत दोनदा जाऊन आले.

आता पुन्हा जातेय. यावेळी कागद घेऊन.